जबडादुखीवर ॲक्युपंक्चर: काही महिन्यांनंतर काय वाटतं

आधी निकाल सांगते. सुयांनी माझ्या गालाचा आणि कानशिलाचा ठणका बराच उतरला, तोंड पुन्हा नीट उघडायला लागलं. जांभई देताना कानापुढे होणारा 'कट्' आवाज मात्र होता तसाच आहे.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघते. सौद्यांच्या हंगामात सकाळी उठावं तर दोन्ही गाल भरून आलेले, कानापुढे कळ. कानाच्या डॉक्टरांना कानात काही सापडलं नाही. शेवटी मिरजेतल्या डेंटिस्टबाईंनी कानापुढे बोटं ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं आणि म्हणाल्या, "दाढा चांगल्या आहेत. दुखतोय तो जबड्याचा सांधा आणि चावायचे स्नायू. झोपेत दात खाताय तुम्ही." निरोगी माणसाचं तोंड स्वतःची तीन बोटं उभी आत जातील एवढं, म्हणजे साधारण 40 मिलिमीटर उघडतं. माझी दोनच जायची. भडंग बंद, ऊस बंद, भाकरी दुधात कुस्करून.

रात्री दातांवर बसवायच्या नाइट गार्डनं दातांची झीज वाचते, पण माझा ठणका काही गेला नाही. म्हणून सुयांकडे वळले. घरी सासूबाई म्हणाल्या, "तोंडाला कसल्या गं सुया टोचून घेतेस?" त्यांना सांगितलं, आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये ज्या वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे ही विद्या भारतात आणली. आता तर महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा 2015 चा कायदा आहे. जाल तिथे सुया टोचणाऱ्याची नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. सुयांचं पाकीट आपल्यासमोर फोडलं पाहिजे आणि सुया एकदाच वापरायच्या असल्या पाहिजेत.

सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा खूपच बारीक असते, पाव मिलिमीटरच्या आसपास. दात आवळले की जबड्याच्या कोपऱ्याजवळ गोळा वर येतो, एक सुई तिथे. दुसरी गालाच्या हाडाखाली, कानापुढच्या खळगीत. ही तोंड मिटूनच घ्यायची, कारण तोंड उघडलं की सांध्याचं हाड पुढे सरकून ती खळगी भरून टाकतं. तिसरी हातावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात; गरोदर असाल तर ही टाळतात, तेव्हा आधीच सांगा. टोचल्याचं फारसं कळत नाही. मग आत खोलवर जड, दबून आल्यासारखं दुखतं, गालाचा स्नायू एकदा उडतो आणि हळूहळू सैल पडतो. एकदा गालावर निळा डाग पडला होता. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगून ठेवा.

सुरुवातीला आराम दोन दिवस टिकायचा आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. फिजिओथेरपिस्टनी व्यायाम दिले तिथून खरा फरक पडला. जीभ टाळूला लावून तोंड हळू उघडायचं, आणि दिवसभर ओठ मिटलेले पण दात सुटे. बिलं करताना मी दात आवळून बसते, हे शेजारच्या टेबलावरची मैत्रीण दाखवून द्यायची. सुईनं स्नायू सैल झाला की त्या दोन-तीन दिवसांत व्यायाम बिनदुखता होतात. माझ्या मते सुयांचा खरा उपयोग हाच. नुसत्या सुयांवर पैसे घालवू नका. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनाही जुनाट जबडादुखीसाठी जबड्याच्या व्यायामांची जोरदार शिफारस करतात, ॲक्युपंक्चरची सौम्य. खोट्या, म्हणजे नुसता टोचल्याचा भास देणाऱ्या सुया लावलेल्या रुग्णांनाही बऱ्यापैकी बरं वाटतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. तरीही माझं तिसरं बोट आत जायला लागलं, हे मला पुरेसं आहे.

तोंड अचानक अडकलं, गालाला सूज किंवा ताप असेल, मार लागला असेल, तर सुयांच्या नादी न लागता आधी डेंटिस्ट गाठा. मी आता फक्त हळदीच्या हंगामात, गाल भरून यायला लागले की जाते. व्यायाम मात्र रोज.