ज्यू वारशाची एक दिवसाची सहल : मुंबई की अलिबाग?

ग्रुपबरोबर जायला एकच दिवस असेल, तर मुंबईतली सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, पाहावीत की अलिबागला जायला सकाळीच मांडव्याची बोट पकडावी? दोन्ही सहलींवर ‘ज्यू वारसा’ असंच लिहिलेलं असतं, पण त्या वेगवेगळ्या माणसांचा इतिहास दाखवतात. मुंबईच्या दिवसावर बहुतेक वेळा बगदादी ज्यूंची, म्हणजे बगदादकडून आलेल्या ज्यूंची, त्यातही व्यापारी ससून घराण्याची छाप असते. अलिबागकडे गाठ पडते ती बेने इस्रायलांशी. घरात मराठी बोलणारे, दिवेकर, पेणकर, नवगावकर अशी गावावरून आडनावं लावणारे हे आपलेच कोकणी ज्यू.

मुंबईची मोठी सोय म्हणजे अंतर. काळा घोड्याचं १८८४ सालचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग आणि डेव्हिड ससून लायब्ररी पायी होतात. पुढे बसनं भायखळ्याचं घड्याळाच्या मनोऱ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग गाठलं, तरी जेवणाची वेळ टळत नाही. केनेसेथ एलियाहूचा २०१९ मध्ये जीर्णोद्धार झाला. प्रार्थनेचं दालन वरच्या मजल्यावर आहे. तिथे गेल्यावर लगेच फोटो काढत सुटू नका. बाकावर बसून आधी खांब आणि रंगीत काचा नीट पाहा. ग्रुपमध्ये वयस्कर मंडळी असतील, तर त्यांना हा दिवस झेपतो. जिने मात्र चढावे लागतात.

पण या यादीत मांडवीचं शार हारहामीम नसेल, तर आयोजकांना तसं स्पष्ट विचारा. मुंबईतलं हे सर्वांत जुनं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी स्थापन केलं. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि त्या कृतज्ञतेपोटी त्यांनी हे काम केलं, असं सांगतात. घाऊक बाजाराच्या गर्दीत मोठी बस शिरत नाही, म्हणून बऱ्याच सहली ते गाळतात. मला हे पटत नाही. मशीद बंदर स्टेशनवरून चालत जाता येतं, आणि त्याच्याशिवाय मुंबईतली बेने इस्रायलांची कहाणी सुरूच होत नाही.

अलिबागचा दिवस दमवणारा आहे. गेटवेहून बोटीनं साधारण तासभर, पुढे गाडी, कोकणातलं ऊन. पण वाटेवरच नवगाव लागतं. जहाज फुटून सात जोडपी या किनाऱ्याला लागली आणि समाज त्यांच्यापासून वाढला, अशी बेने इस्रायलांची परंपरागत कथा आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीत तिचं स्मारक आहे. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आहे. अलिबागजवळच्या खंडाळा गावाच्या (घाटातलं खंडाळा नव्हे) खडकावरच्या खुणा एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या रथाच्या मानतात. लोक तिथे नवस बोलतात आणि मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सोबत फळं. सत्यनारायणाच्या प्रसादाइतकाच हा जिव्हाळ्याचा विषय आहे. तेव्हा पर्यटकांसाठी मुद्दाम मलिदा ‘दाखवा’ असा हट्ट धरू नका. एखाद्या कुटुंबानं आपणहून बोलावलं तरच बसा. इथले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी ते बंद ठेवायचे, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. ज्या गावात घाणे चालत होते तिथेच उभं राहून हे ऐकलं की मनात राहतं.

वास्तुकला, काचा, व्यापारी मुंबईचा इतिहास यांत रस असेल किंवा सोबत लहान मुलं असतील, तर मुंबई घ्या. माणसं समजून घ्यायची असतील, तर अलिबाग. दोन्हींत मी अलिबागच निवडेन, पण पावसाळ्यात नाही: गेटवेच्या बोटी तेव्हा बंद असतात आणि रस्त्यानं जाण्यात अर्धा दिवस जातो. गाड्याही नेणारी रो-रो बोट चालू असेल तर ती पाहा.

कुठलीही सहल ठरवताना शनिवार आणि ज्यू सण टाळा. शुक्रवारीही दुपारच्या आत सगळं उरका, कारण संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. आत जाताना पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. सरकारी ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवं, आणि आयोजकांनी सिनेगॉगच्या विश्वस्तांकडून परवानगी आधीच घेतली आहे ना, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्या.