फियाट ५०० घ्यावी की १२६?

युरोपात राहता, गाडी उभी करायला सव्वातीन मीटर जागा आहे आणि जुनी छोटी इटालियन गाडी घ्यायची हौस आहे, तर प्रश्न शेवटी या दोघींवरच येतो.

१९५७ ची ५०० फियाटचे इंजिनिअर दान्ते जियाकोझा यांची. (त्यांच्याच अमदानीतल्या ११०० ची पुढे कुर्ल्यात पद्मिनी झाली.) १२६ आली १९७२ मध्ये. कातडी चौकोनी झाली, आतडी तीच राहिली: मागे हवेवर थंड होणारं दोन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या चाकांना आडवा स्प्रिंगचा पाटा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. रूपात ५०० उजवी, आणि ते रूप किमतीतही वसूल होतं.

इंजिनाची दुखणी दोघींची सारखीच. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या) नळ्यांची सीलं कडक झाली की तेल पाझरतं. हीटरची हवा इंजिनावरूनच येते, म्हणून त्या तेलाचा वास थेट नाकात. फॅनबेल्ट तुटला तर चार्जिंगबरोबर कूलिंगही गेलं. गाडी तिथेच उभी करायची. कागदी ऑइल फिल्टर नाहीच. गाळ क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीत साचतो, ती उघडून पुसावी लागते, आणि हे काम बहुतेकांनी वर्षानुवर्षं टाळलेलं असतं. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर किंगपिन (चाक ज्यांवर वळतं त्या खुंट्या) गेले, म्हणजे ग्रीस वेळेवर मारलेलं नाही.

खरा फरक गिअरबॉक्समध्ये आहे. ५०० ला सिंक्रो, म्हणजे गिअर बदलताना दातांचा वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरताना क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अॅक्सिलरेटरला एक टिचकी द्या, पुन्हा क्लच, मग दुसरा. आपले जुने ट्रक ड्रायव्हर मारायचे तोच डबल क्लच. रविवारी मोकळ्या रस्त्यावर यात मजा आहे, नाही असं नाही. पण चढावर, मागे हॉर्न वाजवणारी रांग असताना, एकदा टिचकी चुकली की दातांचा करकराट होतो आणि गाडीचा वेग मरतो. अशा करकराटाने दात झिजलेला बॉक्स ओळखायचा तर उतारावर तिसऱ्यात असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. गिअर आपोआप सुटला की खर्च नक्की. शेवटच्या ५०० आर ला १२६ चं ५९४ सीसी इंजिन मिळालं, पण बॉक्स जुनाच राहिला.

१२६ मध्ये फक्त पहिल्याला सिंक्रो नाही. बाकी तीन बिनबोभाट पडतात. रोज चालवायची असेल तर माझ्या लेखी निवाडा इथेच होतो. त्यात पेट्रोलची टाकीही गुडघ्यांपुढच्या डिकीतून मागच्या सीटखाली गेली, आणि पोलंडमध्ये ही गाडी २००० पर्यंत बनत असल्याने सुटे भाग मुबलक. पत्रा मात्र दोघींचा सडतो. सिल (दारांखालची पट्टी) आणि बॅटरीखालचा ट्रे आधी टोचून बघा.

मन ५०० वरच बसलं असेल तर तिला १२६ चा बॉक्स बसवणारे पुष्कळ आहेत. हाफ शाफ्ट (बॉक्समधून चाकांकडे ताकद नेणारे दांडे) आणि माउंटिंग जुळतात का ते आधी पाहा. शिवाय १२६ चा फायनल ड्राइव्ह (चाकांकडे जाणारी शेवटची दातांची जोडी) ८/३९, ५०० च्या एफ मॉडेलचा ८/४१, म्हणजे १२६ च्या बॉक्सवर त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. त्यामुळे सपाटीवर इंजिन शांत चालतं, पण ४९९ सीसीचं मूळ इंजिन तसंच ठेवलंत तर चढावर चौथा धरवत नाही.