लोकायुक्त की लाचलुचपत प्रतिबंधक विभाग?

सोलापुरातील एखाद्या शेतकऱ्याची सातबाऱ्यावरील फेरफाराची नोंद महिनोन्महिने अडली असेल, तर त्याने कोणाकडे जावे हे त्याच्याकडे पैसे मागितले गेले की नाही, यावर ठरते. मागितले असल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गाठावा. 1064 या हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर मागणीची पडताळणी होते, फिनॉल्फ्थॅलीनची भुकटी लावलेल्या नोटा दिल्या जातात, आणि त्या स्वीकारणाऱ्याची बोटे सोड्याच्या द्रावणात बुडवताच पाणी गुलाबी होते. अशा सापळ्याच्या आड भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीतील कलम 17अ, म्हणजे चौकशीआधी पूर्वपरवानगी घेण्याची अट, येत नाही. खटल्याला मात्र त्याच कायद्याच्या कलम 19 खाली सरकारची किंवा सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते, आणि माझ्या मते खरी कोंडी तिथेच होते.

नुसतीच टोलवाटोलवी चालली असेल, तर सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारे लोकायुक्त बरे. 1971 च्या कायद्याखाली 1972 मध्ये देशातील पहिले लोकायुक्त महाराष्ट्रातच नेमले गेले. त्या कायद्याच्या कक्षेत मंत्री आले, मुख्यमंत्री (अपेक्षेप्रमाणेच) आले नाहीत. लोकायुक्त कागदपत्रे मागवू शकतात, साक्षीला बोलावू शकतात. शिक्षा करण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. ते शिफारस करतात, आणि तिच्यावरील कारवाईने समाधान झाले नाही, तर राज्यपालांकडे विशेष अहवाल पाठवतात.