हिवाळ्यातील कोरडी, खाजरी त्वचा: तेल, ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली की क्रीम?

दिवाळी सरून थंडी स्थिरावली की देशावर आणि विदर्भात अनेकांच्या नडगीवर नखाने ओढताच पांढरी रेघ उमटू लागते, आणि रात्री अंथरुणात ऊब आली की पायांना खाज सुटते. कोकणात समुद्राच्या दमट हवेमुळे हा त्रास बराच कमी असतो. म्हणूनच रत्नागिरीहून नाशिक-पुण्याला राहायला आलेल्या माणसाला घरचे तेच तेल अचानक अपुरे वाटू लागते. दुकानात गेल्यावर खोबरेल, ग्लिसरीन, पेट्रोलियम जेली आणि तऱ्हेतऱ्हेची क्रीम यांतून नेमके काय घ्यावे, हा प्रश्न अशा वेळी खरोखर पडतो. माझ्या आईच्या सत्तरीनंतरच्या हिवाळ्यांत हे सारे आमच्या घरात वापरून झाले आहे, आणि त्या अनुभवाला त्वचेविषयीच्या माहितीची जोड देऊन ही तुलना मांडत आहे.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. विटांच्या भिंतीत चुना भरावा तशी या पेशींमध्ये स्निग्ध द्रव्ये भरलेली असतात आणि आतले पाणी बाहेर उडून जाऊ नये, हे त्यांचे काम असते. कोरड्या हवेत पाणी वेगाने उडते, आणि वरून कडकडीत पाणी व साबण यांनी ही स्निग्ध द्रव्ये धुऊन निघतात. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीचा साबण चांगलाच अल्कधर्मी. वयानुसार त्वचेतील तेलही कमी होत जाते, म्हणून एकाच घरात नातवाला काहीच होत नाही आणि आजी रात्रभर खाजवत बसते. त्वचेला लावायच्या प्रत्येक वस्तूबद्दल त्यामुळे दोनच गोष्टी विचारायच्या असतात: ती पाणी धरून ठेवते का, आणि ते उडू नये म्हणून वरून झाकण घालते का?

खोबरेल झाकण घालते, पण ते झाकण पातळ असते. सौम्य कोरडेपणाला ते पुरेसे आहे, स्वस्त आहे, उग्र सुवास मिसळलेला नसेल तर बहुतेकांना सोसते, आणि अंगाला चोळण्यात जो आराम मिळतो तोही कमी मोलाचा नाही. सुमारे 24 अंशांखाली ते थिजते, त्यामुळे बाटली गरम पाण्यात धरावी लागते. चेहऱ्यावर मुरुमे येणाऱ्यांनी ते तोंडाला लावू नये. तिळाचे तेल थंडीत न थिजता अंगाला सहज पसरते, म्हणून पहाटेच्या अभ्यंगाला ते सोयीचे. नरकचतुर्दशीला आधी तेल आणि मग उटणे, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण नेमक्या थंडीच्या तोंडावर तेल त्वचेत मुरते आणि उटणे साबणाइतके स्निग्धपण ओढून घेत नाही. मात्र तेच उटणे किंवा डाळीचे पीठ फुटलेल्या, लाल झालेल्या त्वचेवर घासले तर खाज वाढते. बाळाच्या मालिशीसाठी हल्ली कौतुकाने आणले जाणारे ऑलिव्ह तेल मी सुचवणार नाही. त्यातील ओलेइक आम्लाचे मोठे प्रमाण त्वचेचे संरक्षण उलट कमकुवत करते. मोहरीच्या तेलाबाबतही सावध राहिलेले बरे.

ग्लिसरीनचे काम तेलाच्या उलट असते. ते पाणी ओढून धरते, पण झाकण घालत नाही. जुन्या घरांत ग्लिसरीन आणि गुलाबपाणी एका बाटलीत करून ठेवत, आणि त्यात पाणी मिसळण्याची ती रीत योग्यच होती. कोरड्या हवेत निव्वळ ग्लिसरीन फासले तर त्याला बाहेर ओलावा मिळत नाही, मग ते त्वचेच्या आतल्या थरातलेच पाणी ओढते आणि अंग चिकट होऊनही ताणलेले राहते. ग्लिसरीन घ्यायचेच असेल तर ते ओल्या अंगावर लावावे आणि त्यावर तेलाचा हात फिरवावा.

झाकण घालण्यात पेट्रोलियम जेलीच्या तोडीचे दुसरे काही नाही. तिला वास नसतो, तिची अॅलर्जी क्वचितच होते, आणि उललेल्या ओठांना व भेगाळलेल्या टाचांना ती झोंबत नाही. तेलकटपणा हा तिचा दोष खराच. संपूर्ण अंगाला लावून कार्यालयात जाणे कोणालाच जमणार नाही. टाचांसाठी मात्र रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, टिपून, जेली लावावी आणि वर सुती मोजे घालावेत. कोकणात आणि गोव्यात हेच काम भिरंडेल, म्हणजे कोकमतेल, करत आले आहे. ते घट्ट गोळ्याच्या रूपात मिळते, किंचित गरम करून भेगांत भरायचे असते, आणि ज्यांच्याकडे गावाहून येते त्यांनी ते सोडून जेली विकत आणण्याचे काही कारण नाही.

आता क्रीम. क्रीममध्ये पाणी धरणारे आणि झाकण घालणारे असे दोन्ही घटक असतात, म्हणून मध्यम ते तीव्र कोरडेपणाला माझी पहिली पसंती क्रीमला आहे. पंपाच्या बाटलीतले पातळ लोशन लावायला सोपे, पण त्यात पाणीच जास्त असते. नडगीसारख्या भागाला डबीतले घट्ट क्रीम हवे. वेष्टनावर ग्लिसरीन, सेरामाइड (त्वचेच्या पेशींमधल्या स्निग्ध द्रव्यांपैकीच एक) किंवा युरिया हे शब्द शोधावेत आणि सुवासिक प्रकार टाळावा. युरिया म्हटल्यावर खताची आठवण होऊन दचकायला नको, कारण त्वचेत नैसर्गिकपणे ओलावा धरणाऱ्या द्रव्यांपैकीच तो एक आहे. अंगासाठी 5 ते 10 टक्के पुरतो, तर जाड टाचांसाठी 20 टक्के किंवा त्याहून अधिक लागतो. ओरखडे असतील तिथे मात्र तो झोंबतो. क्रीमचा खरा अडथळा खर्चाचा आहे. प्रौढ माणसाच्या सर्वांगाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम लागते, म्हणजे छोटी ट्यूब दोन दिवसांतच संपते. म्हणून आमच्याकडे क्रीम फक्त नडग्या, हात आणि कंबर यांना, आणि उरलेल्या अंगाला खोबरेल, अशी वाटणी केली आहे, आणि ती निभावते.

या सर्व निवडीपेक्षा जास्त फरक पडतो तो वेळेने. आईला आम्ही वर्षानुवर्षे दुपारी कोरड्या अंगावर तेल चोळत होतो आणि संध्याकाळी खाज ठरलेलीच होती. आंघोळ कोमट पाण्याने दहा मिनिटांच्या आत उरकून, अंग पंचाने न घासता टिपून, ते दमट असतानाच दोन-तीन मिनिटांत क्रीम लावायला लागल्यापासून रात्रीची खाज आठवड्याभरात बरीच उतरली. साबण फक्त काखा, जांघा आणि पाय यांपुरता ठेवला. लोकर थेट अंगाला न लावता आत सुती कपडा घातला. वृद्धांच्या बाबतीत तेलाचा हात घेऊन न्हाणीघरात जाऊ देऊ नये, कारण फरशी निसरडी होते. आणि तेल किंवा जेली मुरलेले कपडे पटकन पेट घेतात, त्यामुळे शेकोटीजवळ व चुलीजवळ जपावे.

दोन गोष्टी या तुलनेत मी मुद्दामच घेतलेल्या नाहीत. सेटिरिझिनसारखी अॅलर्जीवरची गोळी कोरडेपणाच्या खाजेवर फारशी चालत नाही, केवळ गुंगी येते. दुसरी गोष्ट म्हणजे औषधाच्या दुकानात न विचारता मिळणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे. आईला असेच एक दिले गेले होते. चार दिवस बरे वाटले आणि नंतर कातडी पातळ होऊन पूर्वीपेक्षा जास्त चुरचुरू लागली. खाज मुळात नायट्याची असेल, तर या मलमाने तो दबल्यासारखा दिसून आतून पसरत जातो.

दोन-तीन आठवडे नीट काळजी घेऊनही खाज उतरत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड यांचे विकार आणि मधुमेह यांतही अंगाला खाज येते. घरात एकाहून अधिक जणांना, विशेषतः रात्री आणि बोटांच्या बेचक्यांत खाज सुटत असेल, तर ती बहुधा खरूज असते. तिच्यावर तेल-क्रीम कितीही लावले तरी उपयोग नाही. घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे लागते आणि अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे लागते.