कूपरस्टाउनचं बेसबॉल हॉल ऑफ फेम: क्रिकेटवाल्यांनीही जावं असं

आबा सांगलीहून आलेले, जन्मभर क्लब क्रिकेटचे विकेटकीपर. "बेसबॉल म्हणजे नुसते फुलटॉस!" असं म्हणतच गाडीत बसले. न्यू जर्सीहून न्यूयॉर्क राज्यातल्या या बेसबॉलच्या संग्रहालयापर्यंत चार तास.

आत गौरवलेल्या बेसबॉलवाल्यांच्या ब्राँझच्या पाट्यांचं मोठं दालन आहे. तिथे जॉर्ज राइटच्या पाटीपाशी मी त्यांना थांबवलं. जॉर्जचे वडील इंग्लंडचे, न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात पगारी क्रिकेटपटू. जॉर्ज आणि थोरला भाऊ हॅरी, दोघंही क्रिकेटमध्येच तयार झालेले. हॅरीने १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे सगळे पगारी खेळाडू असलेला पहिला संघ उभा केला. त्या मोसमाचे जॉर्जला १,४०० डॉलर आणि कॅप्टन हॅरीला १,२००.

"धाकट्याला जास्त? घरी कसं चालायचं मग?" आबा.

त्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही. पुढच्या जूनमध्ये ब्रुकलिनच्या अटलांटिक्सने ८-७ असं पाडलं, तेही नेहमीचे नऊ डाव संपून अकराव्या डावात. जॉर्ज शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर. ग्लोव्ह नाहीच, उघड्या हातांनी! हे ऐकल्यावर आबांनी आपली वाकडी करंगळी पाटीसमोर धरली. दहा मिनिटं हलले नाहीत. पुढे जॉर्जने बॉस्टनला खेळाच्या सामानाचा धंदा काढला, हे त्यांना सगळ्यात पटलं.

निदान चार तास हाताशी ठेवा. उन्हाळ्यात पार्किंगसाठी फिरावं लागतं. जेवायला मात्र डबा न्या. जवळच्या एका ठिकाणी गार सँडविचला पाऊण तास लागला.

पाच तारे. आबांचे साडेचार.