राउटर सारखा रिस्टार्ट होतोय: ॲडॉप्टर बदलावा, दुरुस्त करावा, मिनी यूपीएस घ्यावा की नवा राउटर?

दुखणं ॲडॉप्टरचंच आहे का, हे आधी पाहा. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर (लाइट गेल्यावर क्षणार्धात बॅटरीवर जाणारा) असूनही लाइट गेल्या क्षणी राउटर रिस्टार्ट होतो, किंवा संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरलं की वायफाय गळपटतं, तर संशय ॲडॉप्टरवर. त्यावर इनपुट १००–२४० व्होल्ट छापलेलं असतं. म्हणजे १८० त्याला झेपायला हवेत.

नुसता ॲडॉप्टर मल्टिमीटरने मोजू नका, लोड नसताना थकलेलाही १२ दाखवतो. डीसी स्प्लिटर (एका पिनेच्या दोन करणारी वायर) लावून एक टोक राउटरला, दुसरं मीटरला (डीसी २० व्होल्ट) द्या आणि मोबाइलवर मोठी फाइल उतरवायला लावा. १२ व्होल्टच्या ॲडॉप्टरचा आकडा साडेअकराच्या खाली घसरला किंवा नाचायला लागला की निदान झालं. मीटर नसेल तर सेट-टॉप बॉक्सचा ॲडॉप्टर तासभर लावून पाहा, फक्त लेबल जुळलं पाहिजे.

पिन हलवल्यावर राउटर बंद होतो का, हेही बघा. दापोली-गुहागरला समुद्राकाठच्या घरांत पिनेवर हिरवट थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने, प्लग काढून, पुसलं की पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.

बहुतेकांनी नवा ॲडॉप्टरच घ्यावा. दीडशे ते तीनशे रुपयांत मिळतो. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावलात तर राउटर जाऊ शकतो. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही: १२ व्होल्ट १ अँपिअरच्या जागी दीड किंवा २ बिनधास्त. पिनेचा बाहेरचा व्यास ५.५ मिमी असला तरी आतलं भोक २.१ किंवा २.५ असतं, २.१ च्या जागी २.५ ची पिन बसते, पण सैल राहते आणि तोच त्रास परत. लेबलवरच्या चिन्हात मध्यभागी प्लस आहे ना, तेही ताडून घ्या. अगदी हलका, बीआयएसची खूण नसलेला स्वस्त माल टाळा.

दुरुस्तीत बहुधा एकच कपॅसिटर बदलायचा असतो, आउटपुटकडचा डोकं फुगलेला. तो पाच-दहा रुपयांचा. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) घ्यायचा. पण ॲडॉप्टरचं कव्हर चिकटवलेलं असतं आणि इनपुटकडच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या आसपास व्होल्ट उरू शकतात. डाख देण्याचा हात बसलेला नसेल तर यात पडू नका.

पावसाळ्यात जिथे लाइट तासन्‌तास येत नाही, तिथे मिनी यूपीएस (राउटरपुरता छोटा बॅटरी बॅकअप) हवाच, साधारण हजार ते दोन हजारांत. पण तो ॲडॉप्टरला पर्याय नाही, हे दुकानदार सहसा सांगत नाहीत. बरेच मिनी यूपीएस राउटरच्याच ॲडॉप्टरवर चार्ज होतात. राउटर चालवून वर चार्जिंगही करायचं म्हटल्यावर १ अँपिअर अपुरा पडतो. थकलेला ॲडॉप्टर तसाच ठेवलात तर दोष झाकला जातो: यूपीएसचे सेल हळूहळू रिकामे होतात आणि लाइट असतानाच राउटर मान टाकतो. म्हणून सोबत १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॉप्टर धराच. बॅकअप मोजताना मिनी यूपीएसवर लिहिलेले ८००० एमएएच (बॅटरीची क्षमता) हे ३.७ व्होल्टचे असतात, म्हणजे जवळपास ३० वॅट-तास. ६ वॅटच्या राउटरला घट धरून चार तास. फायबरचा ओएनटी (फायबरची तार जिथे जोडतात ती पेटी) वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते. एकट्या राउटरला बॅकअप दिलात तर वायफाय दिसेल, नेट येणार नाही.

नवा राउटर फक्त तेव्हाच, जेव्हा नव्या ॲडॉप्टरवरही तो रिस्टार्ट होतो किंवा विजा कडाडल्यानंतर लॅन पोर्ट मेले आहेत. मेमधल्या वळवात आणि परतीच्या पावसात ॲडॉप्टरच्या प्लगसोबत तांब्याची लॅन केबलही काढून ठेवा. मुंबईकरांचं बंद घर असेल आणि कॅमेऱ्यांसाठी राउटर चालूच ठेवायचा असेल, तर बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेलं व्होल्टेज अडवणारा) बसवा. मात्र अर्थिंग धड नसेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, तेव्हा आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.