खंबाटकीत गाडी तापली आणि ४८० रुपयांच्या कामाचे मी २४,५०० मोजले

आधी रक्कम सांगून टाकते. २४,५०० रुपये. बिघाड काय होता? रेडिएटरच्या पंख्याचा रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारा छोटा स्विच, किंमत २८०. तो बसवायची मजुरी २००. हे लिहायला मला दीड महिना लागला, कारण लाज वाटत होती. आता लाजेपेक्षा संताप जास्त आहे.

मे महिन्याचा पहिला आठवडा. चौऱ्याहत्तर वर्षांची आई, नऊ वर्षांची मुलगी आणि मी पुण्याहून कराडजवळच्या आमच्या गावी यात्रेला निघालो होतो. बारा वर्षं मी गाडी चालवतेय. खंबाटकी घाट चाळीसेक वेळा तरी चढले असेन. "बाई चालवत होती म्हणून फसली" असं ज्यांना म्हणायचंय त्यांना आधीच सांगते, फोनवर माझ्या दिरानेही त्या गॅरेजवाल्याशी पाच मिनिटं बोलून "खरंच दिसतंय, करून घ्या" असंच सांगितलं होतं.

शिरवळला चहाला थांबलो तेव्हा इंजिन सुरूच ठेवलं होतं आणि एसीची हवा कोमट झाली होती. गाडी पुन्हा पळायला लागली की गार. मला वाटलं गॅस कमी झाला असेल. गाडी उभी असताना एसी कोमट आणि धावताना गार, याचा अर्थ बरेचदा पुढचा पंखा फिरत नाही असा असतो. हे मला आज कळतं. तेव्हा बॉनेट उघडून पंख्याकडे नुसतं बघितलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं.

घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर गेला. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण गरमवर टाकून ब्लोअर जोरात सोडला. हे मला भावाने शिकवलंय आणि ते बरोबर आहे, हीटर इंजिनची उष्णता आत ओढून घेतो. दोन मिनिटं भाजणारी हवा आली आणि मग अचानक गार हवा यायला लागली. काटा तिथंच. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, बंद केली. बॉनेटखालून वाफ येत होती. साडेबाराचं ऊन, आई मागे पदराने वारा घेत बसलेली, पोरगी रडवेली.

पाच मिनिटांत मोटरसायकलवरून दोघे आले. असे लोक कसे येतात ते तुम्हाला सांगायला नको. खांद्यावर फडकं, बोलणं एकदम मऊ. "ताई, गाडी चालू करू नका बरं का, इंजिन बसंल. मावशी, तुम्ही सावलीत बसा." आईला त्यातल्या एकाने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. माझा अर्धा विश्वास तिथंच बसला, हे कबूल करते.

आता तो क्षण, जो मी रोज रात्री आठवते. त्याने सगळ्यात आधी इंजिनचं ऑइल बघायची पट्टी उपसली आणि फडक्यावर पुसली. ऑइल स्वच्छ होतं. नेहमीसारखं तपकिरी, पातळ, फडक्यावर एकसारखा डाग. मी शेजारी उभी राहून ते बघितलं. तो काहीच बोलला नाही, पट्टी परत घातली. मग दहा मिनिटं थांबून फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. आतलं पाणी भसकन उसळलं, बुडबुडे आले. "बघा ताई, बुडबुडे. हेड गॅस्केट गेलं. पानी इंजिनात शिरतंय. हीटर बी गार मारतोय ना? म्हंजे पानी फिरतच नाही. पंप पन गेला."

हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि त्याखालचं गॅस्केट पाणी आणि ऑइल वेगळं ठेवतं. पण सगळं खोटं. रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं. गरम असताना दाब सोडला की ते उसळतंच. कुकरची वाफ जिरू न देता झाकण काढलं तर वरण वर येतं, म्हणून कुकर फुटका ठरतो का? गॅस्केटचे बुडबुडे बघायचे तर गार इंजिन सुरू करून, झाकण उघडं ठेवून बघतात. आणि हीटर गार मारत होता कारण उकळून कुलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं रंगीत पाणी) बाहेर गेलं होतं, पातळी उतरली होती, हीटरच्या नळ्यांत पाणी पोचतच नव्हतं. मी ज्या लक्षणावरून घाबरले तेच त्याने पुरावा म्हणून माझ्याच हातात दिलं. गरम झाकण उघडणाऱ्या माणसाच्या हाती गाडी देऊ नका. स्वतःही उघडू नका, अंग भाजेल.

जीपला दोर बांधून घाट उतरवून गाडी त्यांच्या गॅरेजवर नेली, १,५०० रुपये. तिथं मला खुर्ची दिली, चहा दिला. वीस मिनिटांनी त्याने एक पत्र्याचा ट्रे आणला. त्यात दुधाळ कॉफीसारखं, फेस आलेलं घाण ऑइल. "हे तुमच्या इंजिनातलं." म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलंय, असं त्याला म्हणायचं होतं.

थोड्याच वेळापूर्वी त्याच माणसाच्या फडक्यावर मी माझ्या इंजिनचं ऑइल स्वच्छ बघितलं होतं! ते फडकं त्याच्या खांद्यावरच होतं, डाग वर दिसत होता. ट्रेमधलं ऑइल इतकं दुधाळ असेल तर पट्टीवर तसंच येणार, दुसरं कुठून येईल? मला फक्त एवढं म्हणायचं होतं, "पट्टी परत काढा, माझ्यासमोर." चार शब्द. ते तोंडातून फुटले नाहीत. आईची बीपीची गोळी दुपारी एकची असते, ती गाडीतल्या पिशवीत राहिली होती आणि मी ती शोधत होते. कुणीही माझ्या जागी असतं तर ट्रे बघून हादरलंच असतं.

बिल असं. ओढून आणणं १,५००. गॅस्केट किट ३,८००. हेड साताऱ्याला पाठवून फेसिंग (घासून सपाट करणं) ४,५००. वॉटर पंप २,६५०. नवीन पंखा मोटरसकट ४,२००. कुलंट १,४००. ऑइल आणि फिल्टर १,२५०. मजुरी ६,५००. एकूण २५,८००, घासाघीस करून २४,५००. यातले १०,००० तिथंच फोनवरून पाठवले. नाव आलं ते गॅरेजचं नव्हे, कुणा बाईचं. विचारलं तर म्हणे "वहिनीचं खातं हाय". आम्हाला गावी सोडायला त्याच्याच ओळखीची गाडी, २,८००. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एसटीने परत आले, आणखी १०,००० फोनवरून दिले. "वरचे रोख द्या ताई, कारागिराला द्यायचेत." ते ४,५०० आईचे होते. देवीच्या साडीचोळीसाठी आणि पुतण्यांच्या पोरांच्या हातावर ठेवायला तिने रुमालात बांधून आणलेले. शंभराच्या नोटा. मी त्या मोजून त्याच्या हातात दिल्या. बिल साध्या वहीच्या कागदावर, ना शिक्का, ना जीएसटी नंबर.

गाडी सुरू केली तर पंखा जोरात फिरत होता. मला बरं वाटलं. पण इंजिन तेव्हा गार होतं! एसी बंद, इंजिन गार आणि चावी फिरवताच पंखा सुरू, हे माझ्या गाडीत कधीच होत नव्हतं. दुसरी खूण समोर होती, तीही मी सोडली.

दोन दिवसांनी परत येताना बोगद्यातून आलो, शिरवळ, खेड शिवापूर, काही त्रास नाही. नवले पुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि काटा पुन्हा वर. या वेळी आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांना फोन केला. त्यांनी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, मग फ्यूजच्या डब्याचं झाकण काढलं. पंख्याचा रिले गायब. त्या जागी लाल वायरचा एक तुकडा खोचलेला, टोकाला वितळून काळा पडलेला. पंखा "डायरेक्ट" केला होता, तेवढंच काम. जळलेला जुना रिले डब्याच्या कोपऱ्यात तसाच पडलेला. मग काकांनी टॉर्च मारून हेडचे बोल्ट दाखवले. त्यांच्या खाचांत वर्षानुवर्षांची धूळ तेलात बसून घट्ट झाली होती, पान्याचा एक ओरखडा नाही. हेड उतरलंच नव्हतं. पंखा जुनाच, पंप जुनाच. कुलंट माझं लाल होतं, आता रंग घातलेलं हिरवट पाणी. नशीब की इंजिन वाचलं.

काका म्हणाले, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले आणि पंख्याचा रिले सारखाच असतो. छापलेला नंबर जुळला तर अदलाबदल करून बघायची. पंखा फिरला तर रिले गेलाय, गॅरेज गाठेपर्यंत हॉर्नविना जा. त्याआधी फ्यूज बघा. आणि एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा सुरू व्हायलाच हवा, हे घरून निघण्यापूर्वी एकदा बघा, विशेषतः घाट असेल तर. फुकटचं काम आहे.

गॅरेजवाल्याला फोन केला. "ताई, इलेक्ट्रिकच्या कामाला गॅरंटी नसती." नंतर नंबर बंद.

आता पोलीस. घराजवळच्या ठाण्यात गेले. "मॅडम, घटना तिकडची, तिकडे जा." तिकडे गेले, एक दिवसाची रजा, पेट्रोल, टोल. तिथले साहेब जेवायला गेलेले. दोन तासांनी आले. "पैसे तुम्ही स्वखुशीने दिले ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला. कोर्टात जा." मी म्हणाले, न केलेल्या कामाचे पैसे खोटं सांगून घेतले, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी आहे? तर बाजूचा हवालदार हसला. "मॅडम वकील आहेत का?" नाही, मी शाळेत क्लार्क आहे, पण वाचता येतं मला! गुन्हा कुठलाही असो, दखलपात्र असेल तर हद्द न बघता नोंद घ्यायची, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मग पुण्यातल्या ठाण्याने मला साठ-सत्तर किलोमीटर का पिटाळलं? रोख ४,५०० चा तर पुरावाच नाही म्हणाले. आईच्या रुमालाची पावती कुठून आणू? शेवटी अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का मारणारे रजेवर. दुसऱ्यांदा गेले तेव्हा अर्ज सापडेना. तिसऱ्यांदा गेले तर त्यांनीच विचारलं, "तडजोड करता का? पाच हजार देतो म्हणतोय." म्हणजे त्याला ओळखता तुम्ही! त्याचा फोन तुमच्याकडे लागतो, माझ्याकडे लागत नाही! वाहतूक खात्याच्या कार्यालयात गेले तर खासगी गॅरेज आमच्याकडे येत नाहीत, एवढं बोलून खिडकी बंद. मग ही गॅरेजं येतात तरी कुणाकडे?

राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर लावा, दिवसरात्र चालतो. आणि तुमची विमा पॉलिसी आज काढून वाचा. माझ्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे रस्त्यात बंद पडलेल्या गाडीला मदत, होतं, त्याचे पैसे मी दरवर्षी भरत होते, आणि घाटात ते मला आठवलं नाही. काढलेला जुना पार्ट मागून घ्या. "जुना गॅस्केट दाखवा" म्हटलं असतं तर तो काय दाखवणार होता? हेड उघडणार असेल तर उघडलेल्या हेडचा फोटो त्याच वेळी फोनवर मागा. दुसऱ्याच्या नावाच्या खात्यात एक रुपया टाकू नका.

जिल्हा ग्राहक आयोगात जायला साताऱ्याचे खेटे घालावे लागतील असं मला दोघा-तिघांनी सांगितलं. चूक आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार राहतो तिथेही तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. पुण्यातच दाखल करतेय. काकांनी काढलेले बोल्टांचे फोटो, वहीच्या कागदावरचं बिल, पैसे पाठवल्याचे दोन स्क्रीनशॉट, आणि एका पाकिटात जळका रिले व ती लाल वायर. आईने पाकिटावर स्वतःच्या हाताने तारीख घातली आहे. ४,५०० रोख दिल्याचं शपथपत्रही तीच देणार आहे.